क्रॉफर्ड साहेबाचे कर्ज

'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. तिच्यात एक समजूतदारपणा आहे. राखणदाराने तहान लागली म्हणून ओंजळभर पाणी प्यायले तर त्याला कोणी चोर म्हणत नाही. पण समजा, त्या तळ्याच्या पाण्यावरून गावात तंटा चालू आहे, आणि तंट्यातल्या एका बाजूच्या माणसाने राखणदाराला घरी बोलावून ताक पाजले. निघताना वर म्हणाला, "अडचण आहे म्हणता ना? हे शंभर रुपये असू द्या. सवडीने परत करा." आता सांगा, दुसऱ्या दिवशी पाटाचे पाणी आधी कोणाच्या शेताकडे वळेल? राखणदाराने चोरी केलेली नाही. लाचही घेतलेली नाही. उसने घेतलेत, आणि फेडण्याची त्याची इच्छाही असेल. तरी गावाला काय समजायचे ते समजते.

या अवस्थेला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे. मिंधा. मिंधा झालेला माणूस गुन्हेगार असतोच असे नाही; त्याला 'नाही' म्हणता येत नाही एवढेच. सरकारी नोकराने कोणाचे मिंधे होऊ नये यासाठी आज पुष्कळ नियम आहेत आणि ते वाचायला फार रुक्ष वाटतात. परंतु त्यांच्यामागे माणसांच्या गोष्टी आहेत. त्यांतली आपल्या मुलखात गाजलेली एक गोष्ट आज सांगणार आहे. ती घडली १८८८ आणि १८८९ या दोन वर्षांत, पुण्याला. तिच्यात एक बडा साहेब आहे, त्याचे कर्ज आहे, आणि त्याच्या हाताखालचे मामलेदार आहेत.

पण त्याआधी थोडे मागे गेले पाहिजे. कारण जागेसाठी पैसे मोजण्याची चाल काही या साहेबाने विलायतेहून आणलेली नव्हती.

पेशवाईत मामलतीचा कारभार कमाविसदार किंवा मामलेदार पाहात असे. नाना फडणिसांच्या काळापर्यंत या कारभाराला बरीच शिस्त होती. मामलतीचा अंदाज, ज्याला बेहेडा म्हणत, तो पुण्याहून ठरून येई. मामलेदाराच्या कचेरीत दरखदार असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस वगैरे. यांना मामलेदार परस्पर काढून टाकू शकत नसे, आणि त्यांच्या नजरेखालून गेल्यावाचून हिशेब पुरा होत नसे. एकाच्या हातात चावी आणि दुसऱ्याच्या हातात कुलूप, अशी ती व्यवस्था. चांगली होती. परंतु दुसऱ्या अंगाने पाहिले तर मामलेदाराला वसुलाचा मोठा भाग आगाऊ भरावा लागे. त्याला रसद म्हणत. म्हणजे मामलेदार सरकारचा नोकरही आणि सरकारचा सावकारही! आधी गाठचे किंवा व्याजाने काढलेले पैसे भरायचे आणि मग ते रयतेकडून वसूल करायचे. असा माणूस दुष्काळात सूट देताना हात आखडता घेणारच.

या कारभारात 'दरबारखर्च' आणि 'अंतस्थ' अशी दोन नावे येतात. अंतस्थ म्हणजे आतल्या अंगाने दिलेला पैसा. पुण्यातल्या कारभाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना मामलेदार गुपचूप रक्कम देई, आणि ती गावांवर जादा पट्टी बसवून काढी. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखावर जो अहवाल लिहिला त्यात या अंतस्थाची हकीकत दिली आहे. आता गंमत पाहा. आरंभी गुप्त असलेली ही रक्कम हळूहळू सर्वांना माहीत झाली, मग ठरीव झाली, मग चक्क हिशेबात लिहून तपासलीही जाऊ लागली. लाचेची फी झाली! पण कारभाऱ्यांना खूश ठेवण्याची गरज तर उरलीच होती. तेव्हा त्या फीच्या वर नवी गुप्त रक्कम सुरू झाली. आणि असल्या नाजूक व्यवहारात कोणी फार खोलात शिरत नसल्यामुळे, वरच्यासाठी म्हणून जे गोळा होई त्यातला मोठा हिस्सा मामलेदाराच्याच घरी राही.

एल्फिन्स्टन हा जिंकणारा होता, आणि हरलेल्याचा कारभार वाईट दाखवण्यात जिंकणाऱ्याचा फायदा असतो, हे विसरू नये. तरीपण दुसऱ्या बाजीरावाच्या वेळी मामलती सरळ मक्त्याने, जास्त बोली करणाऱ्याला दिल्या जात, याला दुसरीकडूनही पुरावा आहे. ज्याने जागा विकत घेतली तो ती रयतेवर वसूल करणार, हे सांगायला अहवाल कशाला हवा?

बरे, जिंकणाऱ्यांचे स्वतःचे हात तरी कुठे स्वच्छ होते? ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर आरंभी तुटपुंज्या पगारावर येई आणि खासगी व्यापारावर गबर होऊन परत जाई. एकाच माणसाने सकाळी कंपनीसाठी कापड खरेदी करायचे आणि दुपारी स्वतःसाठी! बंगालात तर नबाब बदलला की नजराण्यांचा पाऊस पडे. क्लाइव्हने स्वतः भरपूर घेतल्यावर १७६५ साली परत येऊन इतरांकडून नजराणे न घेण्याचे करार लिहून घेतले. १७७३ च्या पार्लमेंटच्या कायद्याने नजराणे आणि कलेक्टर वगैरेंचा खासगी व्यापार बंद केला. पुढे लॉर्ड कॉर्नवॉलिसने आणखी एक गोष्ट ओळखली. नुसती बंदी घालून भागत नाही, पोटाला पुरेल असा पगारही दिला पाहिजे. त्याने कलेक्टरला दरमहा १५०० रुपये आणि वर वसुलावर काही कमिशन ठरवून दिले. त्या काळी ही रक्कम डोळे दिपवणारी होती. मात्र याच कॉर्नवॉलिसने बड्या जागांचे दरवाजे हिंदी माणसाला बंद केले. वरचा गोरा अधिकारी भरपूर पगाराचा, आणि प्रत्यक्ष रयतेशी गाठ असलेला खालचा हिंदी अधिकारी बेताच्या पगाराचा, अशी उतरंड तयार झाली.

या उतरंडीत आता आपला साहेब येतो.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा मुंबई इलाख्यातला सिव्हिलियन. १८६५ साली मुंबई शहराचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. माणूस कर्तबगार, यात शंका नाही. गटारे, रस्ते, पाणी, साफसफाई यांचा त्याने धडाका लावला. शहराच्या मध्यावरची मोठी मंडई, जी लोकांच्या तोंडी क्रॉफर्ड मार्केट म्हणून बसली, ती त्याच्याच अमदानीत, १८६९ मध्ये पुरी झाली. पण पैसा खर्च करताना त्याचा हात कधी थांबत नसे. पालिकेचा खर्च उत्पन्नाच्या पुढे गेला, कर भरणाऱ्यांनी गिल्ला केला, आणि १८७१ मध्ये त्याला ती जागा सोडावी लागली. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत जसा तो सढळ, तसाच स्वतःच्या घरच्या बाबतीतही. राहणी थाटाची, खर्च मोठा, आणि पगार कितीही असला तरी महिनाअखेर हात मोकळाच. कॉर्नवॉलिसच्या औषधाला दाद न देणारा हा रोगी होता. पगार वाढवून गरज भागते. हौस भागत नाही.

पुढे क्रॉफर्ड जिल्ह्यांतून कामे करीत मध्य भागाचा कमिशनर झाला. कचेरी पुण्याला. कमिशनर म्हणजे कलेक्टरांच्याही वरचा. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या, बदल्या यांत त्याचा शब्द अखेरचा. आणि मामलेदार म्हणजे तेव्हाच्या हिंदी माणसाला महसूल खात्यात जे मोठ्यात मोठे स्थान सहज मिळू शके, ते. तालुक्याचा वसूल त्याच्याकडे आणि मॅजिस्ट्रेटचे अधिकारही त्याच्याकडे. बारा-पंधरा वर्षे कारकुनी करून, परीक्षा देऊन माणूस तेथवर पोचे. मुलांची शिक्षणे, मुलींची लग्ने, म्हातारे आईबाप, सगळे त्या जागेवर अवलंबून.

क्रॉफर्डच्या भोवती कर्जाचे जाळे वाढत गेले. कोणाकडून घेतले? सावकारांकडून घेतले, इनामदार-जहागीरदारांकडून घेतले, म्हणजे ज्यांची कामे त्याच्याच कचेरीत पडत त्यांच्याकडून घेतले. मध्ये माणसे होती. त्यांतला मुख्य हणमंतराव नावाचा गृहस्थ. साक्षींतून पुढे आलेला प्रकार साधारण असा. एखाद्या मामलेदाराला दूरच्या, रोगट हवेच्या तालुक्यात बदलीचा हुकूम निघायचा. किंवा बढतीची यादी होताना त्याचे नाव मागे राहायचे. मग कोणीतरी येऊन सांगायचे, साहेबाची सध्या ओढाताण आहे, अमुक इतके झाले तर बरे होईल. पैसे पोचले की हुकूम फिरायचा. दिले नाहीत तर? कोणी धमकी देत नसे. ज्यांनी दिले ते पुढे सरकत, इतकेच. श्रोतेहो, जबरदस्ती दरवेळी दंडुका घेऊनच येते असे नाही.

ही कुजबूज बरीच वर्षे चालू होती. लॉर्ड रे हे मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांनी ती दडपली नाही. बड्या गोऱ्या अधिकाऱ्यावर हात टाकायचा म्हणजे सगळ्या गोऱ्या समाजाचा रोष ओढवून घ्यायचा. तो त्यांनी घेतला. पोलिसांचे इन्स्पेक्टर जनरल ओमॅनी यांच्याकडे तपास दिला. पण तपास करणार कसा? पैसे दिले हे फक्त देणाऱ्याला माहीत. आणि देणारा बोलला की स्वतःच अडकतो. तेव्हा सरकारतर्फे मामलेदारांना वचन देण्यात आले. खरे खरे सांगा, तुमच्यावर खटला होणार नाही आणि नोकरीलाही धक्का लागणार नाही. त्या वचनावर विसंबून मामलेदार बोलले. काहींनी आपण दिलेली रक्कम सांगितली, काहींनी कोणामार्फत दिली तेही सांगितले. १८८८ मध्ये हणमंतरावावर खटला होऊन त्याला शिक्षा झाली. क्रॉफर्डला निलंबित करून त्याच्या चौकशीसाठी १८५० च्या सदतिसाव्या कायद्याखाली तीन सदस्यांचे मंडळ नेमले. हा कायदा सरकारी नोकरांच्या चौकशीचा. अजूनही तो पुस्तकातून गेलेला नाही. केंद्र सरकारच्या १९६५ च्या शिस्तविषयक नियमांत आजही त्याचा उल्लेख येतो.

पुण्यात ही चौकशी चालली तेव्हा गावभर दुसरा विषय नव्हता. मामलेदारामागून मामलेदार उभे राहात होते आणि साहेबाचे वकील त्यांना विचारीत होते, "तुम्ही लाच दिली, हे कबूल करता ना? मग तुमच्या शब्दावर विश्वास का ठेवावा?" हा पेच खरा होता. जो स्वतः त्या व्यवहारात भागीदार, त्याची साक्ष कोणतेही न्यायासन जपूनच घेणार.

निकाल लागला तो असा. लाच घेतल्याचे आरोप सिद्ध झाले नाहीत असे मंडळाने म्हटले. मात्र आपल्या अधिकाराखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याचा ठपका कायम झाला. मुंबई सरकारला लाचेबाबतचा निर्णय पटला नाही, त्यांनी तसे वर कळवले. प्रकरण लंडनला भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांच्यापर्यंत गेले. त्यांनी लाचेच्या बाबतीत मंडळाचाच निर्णय उचलून धरला, आणि कर्जाच्या बाबतीत क्रॉफर्डला १८८९ मध्ये नोकरीतून दूर केले.

इथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. एवढा गाजावाजा झाला तो लाचेचा. आणि साहेबाची नोकरी गेली ती उसनवारीने. पुष्कळांना तेव्हा हे हास्यास्पद वाटले असेल. मोठा गुन्हा सुटला आणि किरकोळ नियमभंग नडला, असे. पण मला तो नियम किरकोळ वाटत नाही. लाच अंधारात दिली जाते, तिची पावती नसते, आणि 'याच कामासाठी हे पैसे' असा धागा जोडून दाखवावा लागतो. कर्जाचे तसे नाही. कर्ज कोणाकडून घेतले आणि तो तुझ्या अधिकाराखाली होता की नाही, एवढे दोनच प्रश्न. त्याच्या बदल्यात काय केले, हे विचारण्याची गरजच राहात नाही. नियम माणसाच्या मनात डोकावत नाही. तो फक्त पाहतो की हा माणूस अशा जागी जाऊन उभा राहिला की जिथून त्याला सरळ पाहता येणार नाही. आजकाल याला 'हितसंबंधांचा संघर्ष' असे भारदस्त नाव आहे. खेड्यातली म्हातारी एवढेच म्हणेल, "मिंधा झाला, आता काय बोलणार?"

साहेबाची गोष्ट इथे संपली, पण मामलेदारांची संपली नाही. खरी कसोटी तर पुढेच आली.

क्रॉफर्ड लाचेतून सुटल्याबरोबर गोऱ्या लोकांच्या वर्तमानपत्रांनी उलटा सूर धरला. साहेबाने घेतल्याचे सिद्ध झाले नाही. पण दिल्याचे तर या मामलेदारांनी आपल्या तोंडाने कबूल केले आहे! असली माणसे मॅजिस्ट्रेट म्हणून न्यायाला बसवायची? पार्लमेंटात प्रश्न निघाले. दडपण इतके वाढले की दिलेल्या वचनाला फाटे फुटू लागले. ज्यांच्यावर जबरदस्ती झाली ते वेगळे आणि ज्यांनी आपखुशीने पैसे दिले ते वेगळे, अशी वर्गवारी झाली. साक्षीदारांवर कोर्टात खटले होऊ नयेत म्हणून १८८९ सालीच मध्यवर्ती कायदेमंडळात कायदा करण्यात आला, हे खरे. परंतु काही मामलेदारांना सरकारने नोकरीतून काढले. खरे बोला, नोकरीला धक्का नाही, या शब्दावर जे बोलले होते त्यांनाच.

पुण्यात याविरुद्ध मोठी चळवळ झाली आणि तिच्या अग्रभागी होते बाळ गंगाधर टिळक. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते, अजून 'लोकमान्य' व्हायचे होते. केसरी आणि मराठा या पत्रांतून त्यांनी हा विषय लावून धरला, १८८९ साली पुण्यात जाहीर सभा झाली, विलायतेतल्या हिंदुस्थानच्या मित्रांकडेही मजकूर गेला. टिळकांचे म्हणणे साधे होते. राज्यकर्त्याने शब्द दिला, त्या शब्दावर माणसांनी आपली मान पुढे केली. आता शब्द फिरवाल तर यापुढे कोणता हाताखालचा माणूस वरच्याविरुद्ध खरे बोलेल?

मला प्रामाणिकपणे वाटते की विरुद्ध बाजूचे म्हणणेही झटकून टाकण्यासारखे नव्हते. ज्याने जागा विकत घेतली तो न्याय विकणार नाही कशावरून? अंतस्थाची गोष्ट आपण आताच पाहिली. पण मग हा प्रश्न वचन देण्याच्या आधी विचारायचा होता. साक्ष काढून घ्यायची, तिच्या बळावर चौकशी चालवायची, आणि काम झाले की साक्षीदाराचे सोवळे तपासायचे, हा न्याय नव्हे. शिवाय 'आपखुशी' म्हणजे काय? ज्याच्या एका सहीने आपला संसार दीडशे मैलांवर फेकला जाऊ शकतो, त्याच्या माणसाने दारात येऊन अडचण सांगितली, तर तिथे खुशीला जागा किती असते? आपल्यापैकी जे नोकरीत आहेत त्यांनी आपापल्या मनाशी उत्तर द्यावे.

आता आजच्याकडे येऊ. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत आणि महाराष्ट्राच्या नोकरांसाठी १९७९ चे. केंद्राच्या नियमांतला सोळावा नियम वाचला की मला क्रॉफर्डची आठवण होते. आपल्या अधिकाराच्या हद्दीतल्या, किंवा ज्याच्याशी सरकारी कामाचा संबंध येण्याचा संभव आहे अशा माणसाकडून नोकराने कर्ज घेऊ नये, त्याला देऊही नये, आणि पैशाच्या बाबतीत त्याचा कोणत्याही प्रकारे मिंधा होऊ नये, असा त्याचा मथितार्थ. पण नियम करणाऱ्यांना संसार कळत होता! नातेवाईक किंवा जिवलग मित्र यांच्याकडून थोडी रक्कम, बिनव्याजी, तात्पुरती घेतली तर चालते. आणि सचोटीच्या दुकानदाराकडे खाते ठेवून महिनाअखेर उधारी चुकती केली तर तेही चालते. म्हणजे तलाठी भाऊसाहेबांनी वाण्याकडून साखर उधार आणली तर आभाळ कोसळत नाही. त्याच वाण्याच्या जमिनीची नोंद भाऊसाहेबांच्या टेबलावर पडलेली असताना त्याच्याकडून मुलीच्या लग्नासाठी मोठी रक्कम हातउसनी घेतली, तर मात्र गोष्ट निराळी.

लिलावाचा नियम याहून कडक आहे. जी मिळकत खरेदी करण्यास किंवा जिच्यावर बोली करण्यास सरकारी नोकराला कायद्याने मनाई आहे, ती त्याने स्वतःच्या नावाने, दुसऱ्याच्या नावाने किंवा भागीदारीत घेतली, तर तो फौजदारी गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते आणि मिळकत जप्त होते. १८६० च्या दंडसंहितेत हे १६९ वे कलम होते. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते २०३ वे आहे. 'दुसऱ्याच्या नावाने' हे शब्द उगाच घातलेले नाहीत. मेव्हण्याच्या नावावर बोली करण्याची युक्ती काही नवी नव्हे. ग्रामपंचायतीचा सदस्य हा सरकारी नोकर नसला तरी त्यालाही हाच धडा आहे. पंचायतीच्या ठेक्यात त्याचा प्रत्यक्ष वा आडून हिस्सा असला, तर १९५८ च्या कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे तो सदस्य राहण्यास अपात्र ठरतो.

शिक्षकमित्रांनाही यातून सुटका नाही, बरे का! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने शिक्षकाला खासगी शिकवणी करण्यास मनाई केली आहे. कारण तेच. वर्गात थोडे कमी शिकवले तर संध्याकाळी घरी जास्त मुले येतील, हा मोह ज्या मांडणीत आहे ती मांडणीच नको. सगळे शिक्षक असे करतात असे कायदा म्हणत नाही.

आणि मामलेदारांचा प्रश्न? 'देणारा गुन्हेगार की बळी?' हा प्रश्न १८८९ नंतरही मिटला नाही. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात चोविसावे कलम होते. लाच देणाऱ्याने चौकशीत तशी कबुली दिली, तर त्या कबुलीवरून त्याच्यावर खटला होऊ नये, असे ते होते. २०१८ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले आणि देणाराही स्वतंत्रपणे गुन्हेगार ठरवला. मात्र ज्याला देणे भाग पाडले गेले त्याला सूट ठेवली, आणि तिला एक अट घातली. सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास करणाऱ्या यंत्रणेला त्याने कळवले पाहिजे. आपल्या राज्यात हे काम १९५७ पासून लाचलुचपत प्रतिबंधक विभाग करतो आणि त्याचा बिनखर्चाचा दूरध्वनी क्रमांक १०६४ आहे. जबरदस्ती कोणती आणि आपखुशी कोणती, यावर १८८९ मध्ये जो काथ्याकूट झाला त्याला आता निदान एक मोजमाप मिळाले. सात दिवस पुरेसे आहेत का, ही गोष्ट वेगळी. ज्या खेड्यातल्या माणसाला उद्या पुन्हा त्याच कचेरीत जायचे आहे, त्याला सात दिवसांत धीर गोळा करणे सोपे नाही.

या सर्व गदारोळात एका प्रश्नाकडे फारसे कोणी वळले नाही. मामलेदारांनी साहेबाला दिलेला पैसा आला कोठून? काहींनी कर्ज काढले असेल, काहींनी बायकोचे दागिने मोडले असतील. पण बेताच्या पगाराच्या माणसाने जी मोठी रक्कम दिली ती अखेर कोणाकडून तरी भरून निघणार. साहेबाचा मान, सरकारचे वचन, मामलेदारांची नोकरी, यांवर पुष्कळ शाई खर्ची पडली. ज्याच्या खळ्यावरून ती रक्कम उचलली गेली असेल, तो शेतकरी त्या वादात पक्षकार नव्हता. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला तो १८८३ साली, म्हणजे या प्रकरणाच्या पाच वर्षे आधी. वरचे गोरे अधिकारी ऐषआरामात आणि खालची कचेरी रयतेला नागवते, हाच त्यांचा त्या पुस्तकातला एक मोठा आक्षेप होता. पुण्यातच राहणाऱ्या जोतीरावांना ही साखळी कळण्यासाठी चौकशीमंडळाची वाट पाहावी लागली नव्हती.

मुंबईतल्या त्या मंडईचे अधिकृत नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई असे आहे. टॅक्सीवाल्याला मात्र अजून क्रॉफर्ड मार्केट असेच सांगावे लागते. मुंबईला गेलात तर तिच्या दरवाजावर मान वर करून अवश्य पाहा. लॉकवुड किपलिंग यांनी घडवलेली दगडातली शिल्पे तिथे आहेत. शेतात राबणारी आपलीच माणसे आहेत ती.